एक वीत, चार बोटं

साहेबांनी पहार मागितली तेव्हा आजी ओट्यावर तूर पाखडत बसली होती. तिनं सूप थांबवलं आणि विचारलं, "बी सांगायला आलाय का हीर पाडायला?"

गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची, भाद्रपदातली. आमचं गाव मंगळवेढा तालुक्यात, काळ्या शिवाराच्या अगदी कडेला. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात ते त्या काळ्या शिवारामुळं. आमच्या वाट्याला त्यातला थोडा काळा तुकडा आलाय आणि बाकी माळ. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे एक शास्त्रज्ञ गावात आले होते. मारुतीच्या देवळात बैठक झाली आणि आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळे विचारतात तेच विचारलं: औंदा कुठली जवारी पेरावी? त्यांनी वाणाचं नाव सांगितलंच नाही. "तुमचं रान किती खोल आहे?" असं उलट विचारलं. आण्णा म्हणाले, एक माळाचं, एक मधलं, एक ओढ्याकडंचं काळं. "तसं नाही, मोजून किती?" मोजून कुणालाच सांगता येईना. नांगराचा फाळ कुठं खणखणतो ते आण्णांच्या दंडाला ठाऊक होतं, पण त्याचा आकडा घरात कधी कुणी काढला नव्हता. म्हणून पहार.

तीन रानांत तीन खड्डे झाले. मी गौरीसाठी पुण्याहून आले होते, बांधावर उभी राहून बघत होते. माळाच्या रानात पहारीचा आवाज लगेच बदलला. आधी दबका, आणि मग खण्ण. मुरूम लागला. आण्णांनी खड्ड्यात हात घातला, अंगठा आणि करंगळी ताणून मोजलं आणि म्हणाले, "एक वीत, चार बोटं." साहेबांनी टेप लावला. तीस सेंटिमीटर. मधल्या रानात साठाच्या आत-बाहेर भरलं. ओढ्याकडच्या रानात पहार जाईल तेवढी जाऊ दिली आणि शेवटी हात भरून आले म्हणून थांबले.

मग देवळाच्या पायरीवर बसून त्यांनी तीन बियाणी सांगितली. माळाला फुले अनुराधा, मधल्याला फुले माऊली किंवा चित्रा, काळ्या रानाला फुले वसुधा. आमच्याकडं तिन्ही रानांत आजोबांच्या आधीपासून एकच बी पडत आलं होतं, मालदांडी. आण्णा गप्प बसले. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "माणसानं रान बघून बी सांगितलं."

रब्बी ज्वारी ज्यांनी जवळून पाहिली नाही त्यांना यात काय एवढं, असं वाटेल. आमच्याकडं खरिपाचा भरवसा नसतो. मृगात पाऊस येईल आणि महिनाभर तोंड लपवेल. म्हणून जून ते ऑगस्ट रान मोकळं ठेवायचं, कुळवाच्या पाळ्या द्यायच्या, पडेल ते पाणी मातीत मुरवायचं आणि उत्तरा-हस्ताच्या सुमाराला पेरायचं. त्यानंतर पाऊस आला तर त्याची कृपा. बहुतेक वर्षी येत नाही. पुढचे चार महिने ज्वारी जगते ती जमिनीनं पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर. म्हणजे जमीन हाच रांजण. काळ्या रानात रांजण मोठा, माळावर तांब्याएवढा. मालदांडीला पिकायला सव्वाशे ते एकशे तीस दिवस लागतात. माळावरची ओल त्याच्या कितीतरी आधी संपते. कणीस बाहेर पडतं, फुलोरा येतो आणि दाणा भरायच्या वेळेला खाली काही उरलेलं नसतं. अनुराधा एकशे पाच ते एकशे दहा दिवसांत हाताशी येते. तांब्यातलं पाणी संपायच्या आत तिचं काम उरकलेलं असतं.

विद्यापीठाच्या शिफारशीत हे कोरड्या शब्दांत लिहिलेलं असतं: हलकी जमीन, खोली तीस सेंटिमीटरपर्यंत, मध्यम, साठपर्यंत, भारी, साठच्या वर. विद्यापीठाच्या कृषिदर्शनी या पुस्तकात एका पानात मावतं. पण त्या पानामागं काय आहे याचा विचार मी त्या पायरीवर बसून पहिल्यांदा केला. कुणीतरी एकच वाण वेगवेगळ्या खोलीच्या जमिनीत वर्षानुवर्षं पेरून पाहिलं असणार. चांगल्या वर्षी आणि वाईट वर्षीही. सगळ्यांना एकच उत्तर देणं किती सोपं होतं. सगळ्यांत जास्त उतारा देणारं वाण निवडायचं, त्याची जाहिरात करायची आणि माळवाल्यानं आपल्या नशिबाला बोल लावायचा. तसं केलं नाही. उथळ जमिनीच्या माणसासाठी वेगळं बी शोधायचं, हे कुणाच्या तरी मनात आलं. मला विद्यापीठाचं सगळ्यांत मोठं काम हेच वाटतं, आणि उसाच्या-डाळिंबाच्या गाजावाजात ते हरवून जातं याचं वाईटही वाटतं.

ऊस-डाळिंबाचं काम लहान आहे असं मला म्हणायचं नाही. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ सालचं. तिथल्या फुले २६५ नं क्षारपड रानातसुद्धा ऊस उभा करून दाखवला. भगव्या डाळिंबानं सांगोल्यापासून नाशिकपर्यंत घरं उभी केली. मर रोगाला दाद न देणारे विजय-दिग्विजय हरभरे आले, गीर, जर्सी आणि होल्स्टीन अशा तिघींच्या रक्ताची फुले त्रिवेणी गाय आली, निफाडचा गहू, वडगाव मावळचा इंद्रायणी भात. पश्चिम महाराष्ट्रातले आणि खानदेशातले दहा जिल्हे या एका विद्यापीठाकडं आहेत, तेव्हा यादी लांबणारच. ज्यांच्याकडं पाणी आहे त्यांच्यासाठी संशोधन करायला सगळ्यांनाच हुरूप येतो. माझा जीव अडकलाय तो पाणी नसलेल्यांपाशी.

ही परंपरा विद्यापीठापेक्षाही जुनी आहे. विद्यापीठ १९६८ चं. सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं ते १९३३ मध्ये, आणि त्याच्याही दहा वर्षं आधी पुण्याजवळच्या मांजरी गावात त्याची सुरुवात झालेली होती. सोलापुरात ना. वि. कानिटकरांसारख्या माणसांनी एका साध्या प्रश्नाचा पिच्छा पुरवला: पडलेल्या पावसातला थेंबन् थेंब जातो कुठं? किती वाहून जातो, किती उन्हानं उडतो, किती पिकाच्या मुळाशी पोचतो? त्याच काळात, तीसच्या दशकात, जवळच मोहोळला मालदांडी ३५-१ निवडली गेली. हे सांगताना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. मालदांडी कुणी प्रयोगशाळेत घडवली नाही. ती आमच्याच रानांतली गावरान ज्वारी. पिढ्यान् पिढ्या बायकांनी चांगली कणसं बाजूला काढून, बियाण्यासाठी टांगून ठेवून जपलेली. शास्त्रज्ञांनी त्यातून कणसं वेचली, वेगवेगळी पेरली, वर्षानुवर्षं पारखली आणि एक ओळ पक्की केली. तो '३५-१' म्हणजे कुणाच्या तरी वहीतली नोंद. आज नव्वदेक वर्षं होत आली तरी मंगळवेढ्यात ती पेरली जाते. तालुक्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकनही मिळालं. बायकांची निवड आणि त्या वहीची निवड एकाच बियाण्यात आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

विद्यापीठाच्या वाणांपुढं 'फुले' लागतं त्याचंही मला अप्रूप आहे. वाण तयार करणाऱ्याचं नाव पिशवीवर कुठंच नसतं. दहा-बारा वर्षं एका ज्वारीमागं घालवलेला माणूस निवृत्त होऊन जातो आणि शेतकरी म्हणतो, "वसुधा बरी आली." जोतीरावांचं नाव मात्र सगळ्यांवर. आणि ते नाव उगीच लावलेलं नाही. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मधला. त्यात ते नुसते कुलकर्णी-भटांवर आणि गोऱ्या अंमलदारांवर तुटून पडलेले नाहीत. शेवटी सरकारला काय करा तेही सांगतात. पावसाचं पाणी रानातच मुरेल अशा ताली-बंधारे घाला, वाहून जाणारी माती अडवा, शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीची विद्या द्या. सोलापूरच्या संशोधन केंद्रात पुढं जे झालं त्याची मागणी पन्नास वर्षं आधी एका माळ्याच्या मुलानं करून ठेवली होती.

पुढं दोन-तीन वर्षांनी मी आण्णांबरोबर राहुरीला शिवारफेरीला गेले. ज्वारीच्या प्लॉटमध्ये कणसांना कागदी पिशव्या घातलेल्या, प्रत्येकीवर पेन्सिलीनं आकडे. संकर कसा करतात ते एका मुलीनं दाखवलं. ज्वारीच्या एकेका फुलात तीन पुंकेसर. सुईनं ते तिन्ही काढायचे, दुसऱ्या फुलाकडं वळायचं, असं कणसाचा एक भाग पुरा होईपर्यंत. हे दुपारनंतर करून पिशवी घालायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग आणून झटकायचा. माझी आत्या खणाला बारीक टीप घालायची तेव्हा तिची मान जशी वाकलेली असायची, तशी त्या मुलीची मान होती.

त्याहून लक्षात राहिला तो पुढचा प्लॉट. तिथं पिकाला मुद्दाम आजारी पाडत होते. आमच्याकडं खडखड्या नावाचा रोग आहे. ओल तुटली की धाट आतून पोकळ, काळं होतं आणि भरल्या कणसासकट ज्वारी आडवी पडते. वाऱ्यावर खडखड वाजते म्हणून ते नाव. त्याची बुरशी दात कोरायच्या काडीवर वाढवतात आणि फुलोऱ्यानंतर ती काडी धाटात खुपसतात. जे झाड तरीही उभं राहील ते पुढं न्यायचं. खोडमाशीसाठी तर प्लॉटमध्ये मासळीचा कुटा ठेवतात, वासानं माश्या याव्यात म्हणून. आण्णांनी नाकाला उपरणं लावलं आणि विचारलं, "आमी माशी जावी म्हून धडपडतोय, आन् तुमी बोलावताय?" त्या मुलीनं उत्तर दिलं, "काका, जी ज्वारी इथं नाही मेली ती तुमच्या रानात मरणार नाही." आण्णांनी हे वाक्य गावात किती जणांना सांगितलं असेल त्याला गणती नाही.

पण घरी शेवटची परीक्षा आजीची होती. साठच्या दशकात संकरित ज्वारी आली तेव्हा तिनं ती पाहिलेली. पोती भरायची, यात वाद नव्हता. पण खरिपाची ती ज्वारी काढणीच्या पावसात सापडून काळी पडायची, आणि बुटकी असल्यानं कडबा हातात यायचा नाही. पुढं बाहत्तरच्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो आली. तिच्या भाकरीची आठवण निघाली की आजी शेवटपर्यंत न जेवल्यासारखा चेहरा करायची. "पोट भरलं तिनं, खोटं कशाला बोलू? पण भाकरी न्हवती ती." त्यामुळं नवीन बी म्हटलं की तिचे दोन प्रश्न ठरलेले. भाकरी कशी होते? आणि जनावर धाट खातं का टाकतं?

वसुधाचं पहिलं पीठ दळून आलं तेव्हा तिनं ते चिमटीत धरून पाहिलं. पाणी घालून मळलं, हाताला विरी लागते का बघितलं, परातीत थापायला घेतली. कडेला चिरली नाही. तव्यावर टाकून पाणी फिरवलं, उलटली, आरावर उभी केली आणि ती टम्म फुगली. आजी काहीच बोलली नाही. संध्याकाळी गार झालेली भाकरी मोडून बघितली आणि मग म्हणाली, "मऊ ऱ्हायली." विद्यापीठातही भाकरीची अशीच पारख होते, हे मला राहुरीला कळलं: रंग, चव, पीठ थापलं जातं का, शिळी कशी लागते. त्यांचा तक्ता असतो आणि गुण देतात. आजीला हे सांगितलं तर तिला फार समाधान वाटलं. "मग शिकलेली हायेत," म्हणाली.

कडब्याबद्दल बैलांनी निकाल दिला. गव्हाणीत धाटं उरली नाहीत.

माळाचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. त्या पहिल्या वर्षी आण्णांनी माळाचं रान निम्मं अनुराधाला दिलं आणि निम्म्यात मालदांडीच ठेवली. भरवसा नव्हता, आणि बाईल सोडून पाहुणीला घर दिल्यासारखं होईल, असं त्यांचं म्हणणं. हस्त बरा गेला, चित्रा-स्वाती कोरड्या गेल्या. जानेवारीत मी गेले तेव्हा एकाच बांधावर उभी राहून दोन्ही दिसत होत्या. डावीकडं अनुराधाची कणसं पांढरी, भरलेली, मान वाकवून. उजवीकडं मालदांडी तिच्याहून उंच, अजून हिरवट, आणि बोटांनी दाणा चेपला तर पोचट. तीच माती, तोच पाऊस, तोच बाप. आण्णा उजव्या बाजूला बराच वेळ फिरत राहिले. त्यांना आनंद झालाय असं मला वाटलं नाही. इतकी वर्षं या रानाकडून आपण चुकीचं काही मागत होतो, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

बियाण्याहून स्वस्त आणि माझ्या मते त्याहून मोठी देणगी कोळपणीची. 'कोळपणी म्हणजे अर्धं पाणी' असं विद्यापीठाची माणसं सांगतात. पेरल्यावर तीन आठवड्यांनी फटीचा कोळपा, पाच आठवड्यांनी पासाचा, आठ आठवड्यांनी दातेरी. आमचे लोक तण काढायला कोळपतात. तण नसेल तर कशाला बैल शिणवा? पण काळी माती वाळली की भेगाळते आणि त्या भेगांतून रांजणाच्या तळाची ओल उडून जाते. आठव्या आठवड्यातला तो दातेरी कोळपा तणासाठी नसतोच. भेगा बुजवायला असतो. यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही. म्हणूनच बहुधा याची जाहिरात कोणी करत नाही. विकायला काही नसलेलं ज्ञान गावोगाव पोचवायला विद्यापीठाशिवाय कोण येणार?

सगळं गोड आहे असं मी लिहिणार नाही. एका वर्षी विद्यापीठाचं बियाणं वेळेवर मिळालं नाही म्हणून दादानं तालुक्यातल्या एका दुकानातून पिशवी आणली. फुलोऱ्यात कळलं, चार तऱ्हेची ज्वारी उगवलीय. बारा वर्षांची पारख एका खोट्या पिशवीनं मातीत गेली. चारही कृषी विद्यापीठांत भरायच्या राहिलेल्या जागांच्या बातम्या वाचते तेव्हा ती सुई धरलेली मुलगी डोळ्यांपुढं येते. तिच्या जागी कोणी बसणार आहे का? वाण तयार व्हायला एक तप लागतं, त्यात मध्येच माणूस नसेल तर ती ओळ तिथंच तुटते. आणि काढणी. आमच्याकडं ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. जमीन वाळून दगड झालेली असते. उपटणाऱ्यांच्या तळहातांना फोड येतात, ते फुटतात, आणि चिंधी गुंडाळून दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गावात ज्वारी कमी होत चालली त्याचं निम्मं कारण तिथं आहे. २०२३ हे भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, शहरात ज्वारीच्या कुकी आल्या. त्या तळहातांसाठी काही यावं ही माझी फार जुनी मागणी आहे.

आजी गेली. पाठोपाठ तीन वर्षांनी आण्णाही गेले. रान आता दादा बघतो. गेल्या गौरीला मी घरी होते. पावसानं माळाच्या रानाची खालची ताल फुटली होती, ती दादानं बांधून घेतलेली, आणि तिच्या पोटाशी वरून वाहून आलेली माती साचली होती. पेरणी चार-आठ दिवसांवर आलेली. जेवणं झाल्यावर दादा पहार घेऊन निघाला. कुणाला काही बोलला नाही. मी आणि भाचा मागोमाग गेलो.

वरच्या अंगाला एक खड्डा, तालीच्या अंगाला दुसरा. वर लगेच खण्ण वाजलं. खाली पहार जात राहिली, दादानं दोनदा हातावर थुंकून पकड घट्ट केली, मग वाजलं. भाच्यानं हात घालून मोजलं, "दोन विती, पप्पा." तो बारा वर्षांचा आहे, त्याची वीत छोटी. दादानं त्याला बाजूला सारून स्वतः मोजलं. आण्णांसारखाच अंगठा आणि करंगळी ताणून, मान तिरकी करून. "दीड वीत नि वर तीन बोटं." वर मोजलं तर एक वीतसुद्धा पुरी नाही.

थोडा वेळ तो दोन्ही खड्ड्यांच्या मधे उभा राहून उतार बघत होता. मग म्हणाला, "वर अनुराधा. हितनं खाली माऊली टाकू."

मधे खूण करायला काही नव्हतं. भाच्यानं बाभळीची काटकी रोवली, आणि मी डोक्याला बांधलेला रुमाल सोडून तिच्या टोकाला बांधला.